पेण-रोह्यात सायकलीची नवी वाट: पैसे कशावर घालायचे, कशावर नाही

दिवाळी सरली, हवा कोरडी झाली की ओळखीतल्या दोघातिघांचा तरी फोन येतो. प्रश्न ठरलेला. “एमटीबी घ्यायची आहे, किती बजेट ठेवू?” मी विचारतो, “चालवणार कुठं?” पलीकडं शांतता. मग, “ते बघू हो, आधी सायकल तर येऊ दे.” अशा आधी आलेल्या बऱ्याच सायकली पेणमधल्या सोसायट्यांच्या जिन्याखाली उभ्या आहेत. टायर बसलेले, चेन तांबडी, हँडलला कुणाची तरी छत्री अडकवलेली. महामार्गावर चालवायची हिंमत होत नाही आणि डोंगराकडं जाणारी वाट माहीत नाही, म्हणून त्या उभ्या.

तेव्हा इथला हिशेब उलट्या टोकापासून मांडतो. आधी वाट, मग सायकल. वाट शोधायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागतात दोन-तीन रविवार आणि बोलायची तयारी. वाट सापडली की कोणती सायकल हवी ते आपोआप कळतं, आणि बहुतेक वेळा ती मनातल्या सायकलीपेक्षा स्वस्त निघते.

ट्रेल म्हणजे काय, आपल्याकडं

पाट्या लावलेली, मुद्दाम सायकलसाठी वळणं काढलेली वाट मनात असेल तर ती अपेक्षा घरी ठेवून या. आपल्याकडच्या ट्रेलला जुनी नावं आहेत: गाडीवाट, पाणंद, वाडीवरची पायवाट, वनखात्याचा कच्चा रस्ता, कालव्याच्या कडेची वाट, खारेपाटातला बांध. यात कमीपणा काही नाही. डोंगरसायकलीच्या खेळाचा उगमच अशा वाटेवर झाला. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली काही पोरांनी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन, वणवा विझवायला केलेल्या कच्च्या रस्त्यावरून उतारावर शर्यत लावली. पेडल मागं दाबून लागणारा ब्रेक एका उतारातच इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं रीपॅक. सायकल भंगारातली होती, उतार अस्सल होता.

नकाशा: खर्च शून्य

पहिलं काम घरबसल्या करायचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून भारतीय नागरिकांना फुकट उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकानुसार पेण शहर दोन पत्रकांच्या शिवेवर येतं, ४७ एफ/१ आणि ४७ एफ/२. रोहा ४७ एफ/३ मध्ये. तिन्ही घ्या.

या नकाशावर समोच्च रेषा दर २० मीटरला असते आणि कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. तुमची वाट ज्या सेंटिमीटरमध्ये दोन रेषा ओलांडते तिथं ५०० मीटरमागं ४० मीटर चढ, म्हणजे आठ टक्के. हा चढ बसून, श्वास सांभाळून निघतो. चार रेषा असतील तर सोळा टक्के. दम असेल तर शंभर-दोनशे मीटर, नाहीतर ढकला. सहा रेषा असल्या तर सायकल खांद्यावर. पहिल्या वर्षी हे गणित न करता मी दोन डोंगर चढलो. चढलो म्हणजे सायकलनं मला नव्हे, मी सायकलला वर नेलं.

नकाशावरची तुटक रेषा म्हणजे तिथं वाट होती, एवढंच. आज ती आहे का, हे उपग्रहाच्या छायाचित्रावर पाहायचं. इस्रोचं भुवन आहे, गुगल अर्थ आहे, दोन्ही फुकट. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची छायाचित्रं बघता येतात, त्यातलं फेब्रुवारी ते मे मधलं निवडा. तेव्हा पानगळ झालेली असते, गवत वाळलेलं असतं आणि वाट डोंगरावर भांगासारखी पांढरी दिसते. ऑगस्टच्या छायाचित्रात सगळं हिरवं. तिथं काहीच नाही असं वाटून आपण चांगली वाट सोडून देतो.

स्ट्राव्हाच्या उष्णता-नकाशावर लोक कुठून फिरतात ते उजळलेलं दिसतं, पण त्यावर विसंबू नका. तिथं फोन खिशात घालून पळणाऱ्यांच्या वाटा उमटतात. डोक्यावर मोळी घेऊन रोज डोंगर उतरणाऱ्या कातकरी बाईची वाट तिथं उमटत नाही, आणि आपल्याला तीच हवी असते. फोनमध्ये ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घालून ठेवा. घाटाच्या पोटात रेंज जाते, हे रेंजशिवाय चालतात. पैसे भरून घ्यायची वर्गणी पहिल्या वर्षी कशाचीच घेऊ नका.

आणखी एक कागद आहे, सायकलवाल्यांना सहसा ठाऊक नसलेला. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात किरकोळ शुल्क भरून गाव नकाशाची नक्कल मिळते. त्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेला असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं, सव्वाआठ फूट. वाट नकाशावर असेल तर ती वहिवाटीची आहे आणि तिथून जाताना कुणाच्या शेतात घुसल्यासारखं होत नाही. पेण आणि रोह्यात याला आता पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली आहे. फार्महाऊसचे प्लॉट पडले, जुनी गाडीवाट मधेच लोखंडी फाटकाशी संपते आणि आतून कुत्रा भुंकतो. त्या वेळी नकाशा काढून वाद घालू नका. परत फिरा आणि पुढच्या रविवारी दुसरी बाजू बघा. मात्र वाद घालायचा नसला तरी आपण कुठं उभे आहोत ते माहीत असावं.

पाहणी: दीड-दोनशे रुपये आणि एक दिवस

पहिल्या खेपेला सायकल नेऊ नका. मोटारसायकलवर पायथ्यापर्यंत जा, पुढं चाला. पेट्रोलचे दीड-दोनशे रुपये होतात, चहा-वडापावचे पन्नास धरा. एवढ्या पैशात दुसऱ्या कशातून इतकी माहिती मिळत नाही.

मागच्या डिसेंबरात महालमिऱ्या डोंगराच्या अंगाला एका वाडीवर असाच चालत गेलो. नकाशावर वाट होती, छायाचित्रात होती, पायाखाली होती. वर एक बाई मोळी टेकवून बसली होती.

“मावशी, ही वाट खाली रस्त्याला लागते ना?”

“लागते की. पन मधी शेटनी तारा मारल्यान.”

“मग तुम्ही कशा उतरता?”

तिनं डावीकडच्या करवंदीच्या जाळीकडं हनुवटी केली. “तय्यून. पोरा जातान सायकल घिऊन.”

जाळीतून जाणारी ती वाट कुठल्याच नकाशावर नव्हती. शेटनं तारा मारल्यावर लोकांच्या पायांनी काढलेली, जेमतेम दोन वर्षांची. वाडीतली पोरं शाळेच्या सायकली त्याच वाटेनं रोज खाली नेतात. बिनगिअरच्या, मागचा ब्रेक तुटलेल्या सायकली.

वाडीवर तीन प्रश्न विचारायचे. पहिला: ही वाट बैलांची की माणसांची? बैल वळणावळणानं चढतो, माणूस नाकासमोर. बैलगाडीच्या वाटेवर सायकल चालते, माणसाच्या वाटेवर ती बहुधा उचलावी लागते. जुन्या गाडीवाटेत चाकोरी पडलेली असते. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा टणक असतो, तिथून चालवायचं. चाकोरीत शिरलात की पेडल कडेला आपटतं. दुसरा प्रश्न: पावसाळ्यात पाणी कुठून जातं? पाणी वाटेवरूनच जात असेल तर माती वाहून गेलेली आणि खाली नुसते गोटे उरलेले. तिसरा: पुढं कुंपण कुणाचं, आणि तो माणूस कसा आहे? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक आवडीनं आणि सविस्तर देतात.

वाडीतला कुणी सोबत आला तर त्याला दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी देऊ नका. माझा दर अर्ध्या दिवसाला पाचशे रुपये आणि जेवण. “नको नको” म्हणाला तरी द्या. त्याचा तेवढ्या वेळाचा रोज बुडालेला असतो. आपण शहरातून मजा करायला आलो आहोत हे त्याला कळतं, आपल्यालाही कळलेलं बरं.

कुठं सुरुवात करावी

नवख्यानं डोंगराकडं न जाता पेणच्या खारेपाटात जावं. वाशी, वढाव, शिर्की, मसद या गावांच्या पश्चिमेला भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचे बांध आहेत. चढ-उतार शून्य. पण अरुंद बांधावर नजर लांब ठेवून सरळ चालवणं हा तोल शिकायचा उत्तम वर्ग आहे, आणि पडलात तर चिखलात पडता. इथला खर्च पेण स्टेशनपासून सायकल मारत गेलात तर चहापुरता.

मात्र खारेपाटात जायचं तर भिंतीवरचं कॅलेंडर बघून जा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी येतं. बांधाला कुठं खांड गेलेली असली तर वाट मधेच पाण्यात संपते, आणि परत फिरावं म्हणाल तर बांधावर सायकल वळवायला जागा नसते. अष्टमीच्या आगेमागे जा. तेव्हा भरतीला जोर नसतो. बांधातून पाणी सोडायच्या उघाडीच्या झडपांवर सायकल उभी करून फोटो काढणारे मी पाहिले आहेत. ती झडप बिघडली तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढं जमीन गोडी व्हायला पावसाळे जातात. फोटो बांधावर काढा. खारफुटी तोडून वाट रुंद करायचा विचारही नको. तिला कायद्याचं संरक्षण आहे.

भाताची कापणी झाली म्हणजे शेतं मोकळी, असं शहरातल्या माणसाला वाटतं. ते चूक आहे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल टाकतात. डिसेंबर-जानेवारीत सुकल्यासारख्या दिसणाऱ्या त्या खाचरात पीक उभं असतं. बांधावरून चाला, खाचरात चाक घालू नका. वालाच्या शेंगा भरल्या की त्याच गावांत संध्याकाळी मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागते, आणि सकाळी बांधावर नीट वागलेल्या माणसाला संध्याकाळी बोलावणंही येतं. हा लाभ मी हिशेबात धरलेला नाही.

दुसरी दिशा पेण-खोपोली रस्त्याच्या आतली. गागोदे हे विनोबांचं जन्मगाव याच बाजूला. ११ सप्टेंबर १८९५ चा जन्म, आणि पुढं अर्धा देश पायी तुडवलेला माणूस. वरसईही याच तालुक्यातलं. सत्तावनच्या धामधुमीत थेट झाशीपर्यंत जाऊन आलेले आणि ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे इथले. चालणाऱ्यांची ही परंपरा सोडून आपण सायकलवर निघालो आहोत, एवढा फरक. वाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते इथं भरपूर आहेत, मुरूम चांगला आहे, चढ मध्यम. पण बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात वरसई परिसरातली गावं येतात. धरण पुरं झालं की यातल्या काही वाटा पाण्याखाली जातील, आणि तिथं घरदार असलेल्या माणसांसमोर ‘वाट फार सुंदर आहे हो तुमची’ हे वाक्य जपून बोलावं. हेटवणे धरणाच्या बाजूला जाताना भिंतीवर आणि बंदिस्त भागात घुसू नका. ते पाणी नवी मुंबईला पिण्यासाठी जातं, पहारा असतो.

रोह्याकडं माझी आवड अवचितगडाच्या पायथ्याची आहे. गडावर मेढा, पिंगळसई आणि पडम अशा तीन बाजूंनी वाटा चढतात. गड चढायचा पायी. सायकल वर नेण्यात ना मजा ना शहाणपण, आणि पायऱ्यांवरून उतरवणं तर गुन्हाच समजा. पायथ्याच्या गावांमधून रानाच्या कडेनं जाणाऱ्या वाटा मात्र सायकलच्या. सकाळी लवकर गेलात तर सावलीतच फेरी पुरी होते. कोलाडजवळच्या डोलवहाळ बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्यांच्या कडेची वाट सपाट आहे. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला सोबत न्यायचं तर तीच बरी. पण कालवा सुरू असताना पोराला पाण्याच्या बाजूनं चालवू देऊ नका. रोह्याहून घोसाळ्याकडं आणि पुढं कुड्याच्या लेण्यांकडं जाणारी दिशा लांब पल्ल्याची, दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

फणसाडबद्दल लोक हमखास विचारतात. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं ते अभयारण्य, १९८६ पासूनचं. तिथं वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू आहे. सुपेगावच्या प्रवेशद्वारावर रीतसर शुल्क भरून, सायकल न्यायची तर आधी वनखात्याची परवानगी घेऊनच आत जायचं. मागच्या वाटेनं शिरणं हा १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. राखीव वनाला १९२७ चा वन अधिनियम लागतो, म्हणून वाटेत वनखात्याचा दगड दिसला की परिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारून घ्या. विचारायला पैसे पडत नाहीत.

तिथवर पोचायचं कसं

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्याबद्दल बोलायला वेगळा लेख हवा. इथं एवढंच, की वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड या भागात ट्रेलरच्या शेजारून सायकल मारत जाणं मला मान्य नाही. वाटेवर पडलात तर गुडघा फुटेल. इथं पडलात तर तेवढ्यावर भागणार नाही.

रेल्वेगाडी आहे ना. पनवेल-रोहा मार्गावर पेणनंतर कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. साध्या गाडीचं तिकीट कमीत कमी दहा रुपये, पनवेलहून रोह्यापर्यंत वीस-पंचवीसच्या घरात. फेऱ्या थोड्या आहेत. परतीची गाडी आदल्या रात्री बघून ठेवा, ती चुकली की संध्याकाळ स्टेशनवर जाते. सायकलचं म्हणाल तर रेल्वेत सोबत न्यायच्या सामानाचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंत आहे. दोन्ही चाकं काढून पिशवीत घातली तरी सायकल त्यात बसत नाही, म्हणून आधीच स्टेशनवर लगेजची पावती करा. दारात अडेल अशी ठेवू नका. पेणहून भाजी-मासळी घेऊन चढणाऱ्या बायकांचा त्या डब्यावर आपल्यापेक्षा जास्त हक्क आहे.

मिनीडोअर रिक्षाच्या टपावर सायकल दोरीनं बांधून नेता येते. भाडं चढायच्या आधी ठरवा आणि बांधताना मागच्या गिअरची बाजू वर ठेवा. खाली ठेवलीत तर हँगर वाकतो, आणि वाकलेल्या हँगरनं चेन स्पोकमध्ये जाते. मोटारीच्या मागं लावायचा कॅरिअर चार ते दहा हजारांना येतो. महिन्यातून एकदाच जाणार असाल तर घेऊ नका. मागची सीट पाडून चाकं काढलेली सायकल आत बसते, खाली जुनी चादर घातली की झालं.

आता सायकल

माझी पहिली डोंगरसायकल बारा हजारांची होती. पुढं शॉकअप, मागं मधोमध स्प्रिंग, रंग झगझगीत. दुकानदारानं तिच्यावर बसून दोन उड्या मारून दाखवल्या. तिसऱ्या फेरीला मागच्या सांध्याचा बुश गेला, चौथ्या फेरीला पुढचा शॉकअप दाबला तो वर आलाच नाही. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या किमतीला दुसरं काही कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. धडा असा: वीस हजारांखालच्या सायकलीला मागं शॉकअप असेल तर ती घेऊ नका. ते वजन आहे, झटका घेत नाही.

पेण-रोह्याच्या वाटांना पुढं साधा शॉकअप, मागं सरळ फ्रेम, दोन्हीकडं डिस्क ब्रेक आणि दोन इंचांहून जाड टायर एवढं पुरतं. अशी नवी सायकल आज अंदाजे २० ते ३० हजारांत येते. ऑइलवर चालणारे ब्रेक हवे असतील तर ३५ ते ५० हजार. फरक जाणवतो तो लांब उतारावर, बोटं दुखतात की नाही यात. पण पहिल्या वर्षी केबलचे डिस्क ब्रेक चालतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. पूर्वी करासह ३०,००० ला मिळणारी सायकल त्या हिशेबानं २८,१२५ ला यायला हवी. दुकानात बिल मागा आणि कराची ओळ वाचा. जुन्या छापील किमतीवर “सूट” देऊन तेच १,८७५ रुपये तुमच्यावर उपकार म्हणून खपवले जातात.

वापरलेली सायकल अर्ध्या किमतीत मिळते आणि वर सांगितलेल्या जिन्याखालच्या सायकली पाहता माल भरपूर आहे. बघताना फ्रेमच्या जोडांवर रंगाला तडा आहे का पाहा, मागचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेक पॅडच्या मधून डिस्क लहरत जाते का बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवा. कटकट आवाज आला तर हेडसेट ढिला किंवा शॉकअप खलास. हेडसेट घट्ट होतो, शॉकअप बदलावा लागतो आणि त्यात सगळी बचत जाते.

एक छोटी गोष्ट, दुकानात कुणी सांगत नाही अशी. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड घ्या. बारीक परदेशी व्हॉल्व्ह असेल तर हायवेच्या फाट्यावरचा पंक्चरवाला हवा भरू शकत नाही आणि तुम्ही भर उन्हात हातपंप मारत बसता. बारीकच असेल तर पन्नास रुपयांचा अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा. पिशवीत ठेवलात तर हरवतो. साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची ट्यूब गावच्या दुकानात मिळेलच असं नाही. दोन जवळ ठेवा. करवंद आणि बाभळीचा काटा ट्यूबची इंची विचारत नाही.

हेल्मेट हजार ते तीन हजार. आत युरोपी ईएन १०७८ मानकाचा शिक्का बघून घ्या, कवटीवर घट्ट बसतं का ते डोकं हलवून पाहा, आणि एकदा जोरात आपटलं की दिसायला चांगलं असलं तरी फेकून द्या. हातमोजे तीन-चारशे. पडताना माणूस हात पुढं करतोच आणि इथला मुरूम तळव्याची साल काढतो. रंगीत जर्सी, चष्मे, क्लिपवाले बूट यांना माझ्या हिशेबात जागा नाही. शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतात.

एका मोसमाचा हिशेब

गेल्या मोसमात, म्हणजे दिवाळी ते होळी, मी बारा फेऱ्या केल्या. वहीतला खर्च असा: ब्रेक पॅडच्या दोन जोड्या ८००, चेन ९००, चार ट्यूब १,४००, पंक्चरचं सामान २००, दोन सर्व्हिसिंग १,४०० (त्यात चाकाचा आउट काढणं आलं), चेनचं तेल ३५०, गिअरचा हँगर ५००. एकूण ५,५५०. फेरीला साडेचारशेच्या थोडं वर पडले. त्यावर प्रत्येक दिवसाचं तिकीट, नाश्ता, दुपारची थाळी मिळून अडीच-तीनशे. वाडीवरचा सोबती घेतला त्या दिवशी पाचशे आणखी. म्हणजे साधा दिवस साडेसातशेला, सोबत्याचा दिवस साडेबाराशेला.

यातल्या दोन ट्यूब माझ्या आळसाच्या. हवा कमी ठेवून गोट्यांवरून उतरलो की ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. माझं वजन सत्तरच्या आसपास. मी पुढं २८, मागं ३२ पीएसआय ठेवतो. हवा तपासायला दोन मिनिटं लागतात, ट्यूबला साडेतीनशे. मोसमाच्या मध्यावर हँगरही असाच गेला, टपावर घाईनं बांधताना.

पावसाळ्यात डोंगरात जाऊ नका. रायगडात पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये हजारांनी मोजतात. काळ्या पाषाणावर शेवाळ धरतं आणि ओल्या वाटेवर चाकानं पडलेली चरी पुढच्या पावसात ओहोळ होते. मार्चनंतर ऊन तापतं, राब भाजायला लागतात आणि कधी वणवा लागतो. होळीला माझा मोसम संपतो.

साप हा प्रश्न घरचे विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. कोकणात फुरसं फार. ते लहान असतं, दगडाच्या रंगाचं असतं आणि पळून जात नाही. सायकलवर असताना धोका कमी. विश्रांतीला दगडावर बसताना, पंक्चर काढायला गवतात चाक आडवं टाकताना जास्त. आधी जागा पाहा, मग बसा. चावलंच तर कापाकापी, करकचून दोरी बांधणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. पाय हलवू न देता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. पेण आणि रोहा दोन्हीकडं उपजिल्हा रुग्णालय आहे आणि सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष फुकट मिळतं. रेंज कुठं येते ती जागा पाहणीच्याच दिवशी नकाशात खूण करून ठेवा. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत निघतो. अपघाती मृत्यूला दोन लाख. दवाखान्याचं बिल त्यातून भागत नाही, त्याला वेगळा आरोग्य विमा लागतो. तरी वीस रुपये आहेत, भरून टाका.

आणि वाट सापडली की ती इतरांना सांगायची इच्छा होतेच. सांगा. फक्त फोनमधला ट्रॅक चढवण्याआधी त्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा अर्धा किलोमीटर कापा. तिथं बहुतेक कुणाचं तरी अंगण असतं. त्या अंगणात पुढच्या रविवारी वीस सायकली यायच्या असतील तर आधी त्या घरी जाऊन विचारून या.